अण्णांचा नंबर

नवऱ्याच्या, कडूबाअण्णांच्या नावाचा पहिला स्मृतिपुरस्कार प्रियदर्शनीला मिळतोय याचं कौसल्याबाईंना समाधान होतं. अडल्यानडल्याला अण्णा जीप घेऊन धावायचे. ते गेल्यापासून ही पोरगी रिक्षा घेऊन धावत होती. अण्णांच्या मोबाईलला मात्र कौसल्याबाईंनी कुणाला हात लावू दिला नव्हता. नंबर गावाला पाठ होता, फोन अजूनही यायचे. श्रद्धांजलीसाठी सगळे उभे राहिले, मंडप चिडीचूप झाला आणि नेमका कौसल्याबाईंच्या पिशवीतला तो मोबाईल खणखणला. त्यांनी तिथंच ऐकून घेतलं आणि व्यासपीठाकडं हाक मारली, “प्रियदर्शनी, हसनाबादच्या रस्त्याला बाई अडलीय बाळंतपणाला. जल्दी जाय.” ती शालीसाठी थांबली नाही, रिक्षाकडं पळाली. आयोजक माईकवरून म्हणाले, “ताई, पुरस्कार राह्यला की.” कौसल्याबाईंनी लगबगीनं रिक्षा गाठली आणि अण्णांचा मोबाईल तिच्या हातात दिला. “हा घे पुरस्कार. ह्याची चार्जिंग कधी संपू देऊ नको.”