बीडची साखर

शाळेच्या पटांगणात रांगोळीने महाराष्ट्राचा नकाशा काढला होता. संध्याकाळी गावकरी तो बघायला येणार, म्हणून मुलं जिल्ह्याजिल्ह्यावर तिथलं पीक मांडत होती. नागपूरवर संत्रं, जळगाववर केळी, रत्नागिरीवर काजू. आपल्या कोल्हापूरवर संग्रामने घरची साखर ओतली होती. बीड मात्र रिकामं होतं.

वर्गात बीडची एकटी भामा होती. तिचे आईवडील ऊसतोडीला आले होते; साखर कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत ती याच शाळेत बसायची.

"गुरुजी, बीड राहू दे मोकळं," संग्राम म्हणाला. "तिथं पिकतंय काय? नुसती ऊसतोड्यांची पोरं!"

सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी भामाला जवळ बोलावलं. "तू सांग बाळ, काय ठेवायचं?"

भामाने वाकून कोल्हापूरची मूठभर साखर उचलली आणि बीडवर ठेवली.

"ए, ती आमची हाय! परत ठेव!" संग्राम ओरडला.

"ठिवते ना," भामा म्हणाली. "आधी माझ्या मायनं तोडलेला ऊस रानात उभा करून दाखीव."