शंभरात दोन

"ज्यांना बोलवायचं असेल त्यांना आजच बोलवून घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थोडं थांबून त्यांनी आवाज आणखी उतरवला. "उद्यावर ठेवू नका."

आईने तिथेच, खाटेला टेकून, लेकीला फोन लावला. बापालाही पोरीचा आवाज ऐकू यावा म्हणून फोनचा आवाज मोठा करून तो उशीवर ठेवला.

"कुठवर आलीस गं?"

"आत्ताच गाडी बदलली, आई. अजून दोन बदलायच्या आहेत. परवा संध्याकाळी पोचते."

"परवा नको. पुढच्या स्टेशनात उतर. त्या गावाला विमानतळ आहे, मी चौकशी केलीय. आज रात्री इथे असशील."

पलीकडून नुसता रुळांचा खडखडाट येत राहिला.

लेकीने कित्येक वर्षांत विमानात पाऊल ठेवलं नव्हतं. आभाळात धूर ओतत फिरायचं नाही, असं तिने ठरवलं होतं आणि गावोगावच्या शाळा-कॉलेजांत हेच सांगत ती फिरत होती. हट्ट बापाचाच उतरला होता. बापाची उभी हयात तळणीच्या जळक्या तेलापासून विमानाचं इंधन करण्यात गेली होती. त्याच्या सदऱ्यांचा तो वास कुठल्याच साबणाला दाद देत नसे. 'माझं लग्न माणसाशी नाही, कढईशी लागलंय,' असं आई पाहुण्यांना सांगायची. आणि लेक म्हणायची, "बाबा, तुमच्या तेलावर विमान उडू दे, पहिलं तिकीट माझं."

"आई, माझ्या शब्दावर किती पोरांनी विमान सोडलंय, माहितीय तुला?" लेकीचा आवाज चिरकला. "एक मुलगी आजीला शेवटचं भेटायला विमानाने गेली नाही. गाडीने निघाली आणि उशिरा पोचली. तिला मी काय तोंड दाखवू?"

"तिला तोंड कधीही दाखवता येईल गं. बापाचं तोंड बघायला मिळायचं नाही."

"असं नको ना बोलू."

"मग कसं बोलू? तुझ्या पाया पडू का?"

लेक रडत होती, पण उतरते असं म्हणत नव्हती. आईने खाटेची दांडी घट्ट धरली. मास्कच्या आत बापाचा श्वास घरघरत होता. मधूनच तो अडकायचा आणि तेवढा वेळ तिचाही अडकायचा.

"अगं, तिथल्या विमानात बाबांचंच तेल भरतात आता," ती एकदम बोलून गेली.

"काय?"

"खरंच. पूर्ण त्यांचंच. नुकतंच सुरू झालंय. या आजारपणात तुला सांगायचं राहून गेलं."

"पूर्ण?" लेकीचं रडणं थांबलं. "बाबा मला सांगितल्याशिवाय राहिले असते? त्यांना विचार."

"त्यांना मास्क लावलाय. बोलवत नाही."

"ऐकू तर येतंय ना? बाबा, आई म्हणते ते खरं असेल तर फोनवर एकदा बोट वाजवा. तुम्ही सांगितलंत तर मी उतरते."

बापाने डोळे उघडले. आईकडे पाहिलं. मग पांघरुणातून हात काढून त्याने दोन बोटं वर केली.

आईला ती बोटं न सांगता कळली. शंभरात दोन. टाकीत त्याचं तेल पडायचं ते एवढंच; बाकी सगळं तेच जुनं, जमिनीतून उपसलेलं. त्याच्या कंपनीच्या साहेबांनी जाहिरातीत 'स्वच्छ विमान' असं लिहिलं, तेव्हा याच आकड्यापायी त्याने त्यांच्याशी उभा दावा मांडला होता. बढती गेली, माणसं तुटली, पण आकडा त्याने वाढू दिला नव्हता.

तिचं स्वतःचं बोट फोनपर्यंत गेलं. एक टकटक, कोणाला कळणार होतं? पण तो बघत होता. तिने बोट मागे घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यापुढे हात जोडले.

"अहो," ती म्हणाली.

"बाबा?" फोनमधून आवाज आला. "स्टेशन आलंय. गाडी थांबतेय. बाबा, खरंय का?"

वर धरलेला हात बराच वेळ तसाच अधांतरी राहिला. मग हळूहळू खाली आला आणि फोनच्या काचेवर नख वाजलं. एकदा.

फोनमधून लोकांची चढउतार, बॅगांची ओढाताण, कुणाची तरी हाक ऐकू येत होती.

"उतरले, बाबा," ती म्हणाली. "येते मी."

फोन बंद झाला. बापाच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे चाललं होतं. आई पदराने टिपायला गेली, तर त्याने मान फिरवली. ती तशीच पदर धरून उभी राहिली.

थोड्या वेळाने त्याने मास्क बाजूला ओढला.

"आली की... खरं सांग तिला."

आईने मास्क परत नाकावर बसवला. त्याचा पट्टा कानामागे नीट सरकवला.

"मी नाही सांगायची," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा."