शेवटची रेघ

"अहो ताई, ही इस्त्री नाही! दाबू नका, नुसतं टेकवा."

मास्तर ओरडले तशी ताईने ठिपके-रेघांचे मोर्स संदेश ठोकायच्या बटणावरून बोटं उचलली. दिवसभर लाँड्रीत इस्त्री फिरवणारा हात तो, हलका पडणार कसा? ठिपके रेघांएवढे व्हायचे आणि रेघा संपता संपायच्या नाहीत. या वयात हे खूळ कशाला, असं मास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तिने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "धाकट्या भावाला शोधायचंय."

वडिलांशी वाजलं आणि धाकटा घर सोडून गेला. फोन बदलला, पत्ता कळवला नाही. पुढे वडील गेले, तेही त्याला सांगायचं राहिलं. घरात होता तेव्हा दिवसभर त्याचा हौशी रेडिओवर मोर्सचा सराव चालायचा आणि ताई स्वयंपाकघरातून खेकसायची, "बंद कर रे ती कटकट! आधी सांग, जेवलास का?" आता त्याच कटकटीसाठी तिचा जीव तुटत होता. कुठेही असो, पठ्ठ्या रेडिओ सोडणार नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

"बरं, हाताला विश्रांती द्या. आता कान लावा," म्हणत मास्तरांनी रेडिओचं बटण फिरवलं. खरखरीतून एक बारीक आवाज वर आला. कुणीतरी साद घालत होतं. कुणी आहे का, कुणी आहे का.

ताई ताडकन उठली. "मास्तर, हा आमचा धाकटा!"

"काहीतरीच काय! नुसत्या ठोक्यांवरून हात ओळखायला आम्हाला वर्षं लागतात, ताई."

"तुम्हाला लागत असतील. मी शिव्या घालत घालत रोज ऐकलंय. शेवटची रेघ सोडवतच नाही त्याला. ऐका, ऐका, लांबवली बघा!"

पुन्हा साद आली. शेवटची रेघ खरंच लांबली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने उत्तर ठोकलं. मग खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"मी कशी बोलू? माझा रेडिओवर बोलायचा परवाना कुठे आलाय?"

"मी शेजारी बसलोय ना. परवाना माझा, हात तुमचा. चला, आवाज कधी विरेल नेम नाही."

वडिलांचं सांगायचं होतं. परत ये म्हणायचं होतं. कितीतरी साठवून ठेवलं होतं, पण ऐन वेळी एक अक्षर आठवेल तर शपथ. तिचा जड हात आपसूकच चालू लागला. एकेक अक्षर चाचपडत तिने विचारलं, जेवलास का?

पलीकडून काहीच येईना. नुसती खरखर. ताईने पदर तोंडाला लावला.

"गेला वाटतं," मास्तर हळूच म्हणाले.

आणि आवाज आला. नवशिक्यालाही कळेल इतका सावकाश. ताई. मग थोडं थांबून, तू?

त्यातली शेवटची रेघ सुरू झाली ती संपेचना. ताईने दोन्ही हातांनी रेडिओ धरला. मास्तरांनी आवाज थोडा वाढवला.

"दाबू दे," ते म्हणाले. "दाबू दे त्याला."