वेदगंगेतली ओटी

मनुबाई नदीत उतरली, तेव्हा नवऱ्यानं तिला अडवलं नाही. अडवून ती थांबली असती थोडीच!

वेदगंगेवर दरसाल पौषात दोन्ही काठांची गावं मातीचा बांध घालीत. अलीकडचं गाव इंग्रजांचं, पलीकडचं संस्थानचं, बांध निम्मा-निम्मा. यंदा पलीकडच्यांच्या निम्म्यातलं तोंड बुजवायचं तेवढं राहिलं आणि संस्थानचा हुकूम आला. दोन सरकारांचं ठरेपर्यंत रयतेनं बांधावर माती टाकायची नाही. अलीकडच्यांना तर हद्दीपलीकडं हात लावायचीच चोरी. उरलेल्या खिंडीतून सगळं पाणी वाहून चाललं, मोट पाण्याला टेकेना. मनुबाईचा कोवळा ऊस पिवळा पडला होता. सरकारांना कसली घाई?

ती थेट खिंडीत जाऊन उभी राहिली. समोर बांधाच्या टोकावर तिचा भाऊ भरमू रिकाम्या हातांनी उभा होता. शेजारी संस्थानचा शिपाई.

"बाई, मागं फीर! ही संस्थानची हद्द हाय."

"माझं म्हायेर हाय. लेकीनं म्हायेराला येऊ नये, असा बी हुकूम हाय व्हय?"

मनुबाईनं भावापुढं पदर पसरला.

"भरमूआण्णा, भण आलीया. मोकळ्या ओटीनं धाडतोस?"

भरमूनं शिपायाकडं पाहिलं, पायाशी पडलेल्या मातीच्या ढिगाकडं पाहिलं. मग टोपली भरली आणि बहिणीच्या पदरात रिती केली.

"अरं! माती टाकू नको म्हणून सांगितलंय न्हवं?"

"बांधावर कुठं टाकली? भणीची ओटी भरली." भरमू पुन्हा टोपलीकडं वाकला.

मनुबाईनं पदर धारेत सोडला. माती बघता बघता वाहून गेली. पण तिनं पाय रोवले आणि पदर पुन्हा पसरला.

"आण्णा, आता दगड घाल."

मागं पाणी खळबळलं. शेजारची जयाबाई लुगडं खोचून येत होती, तिच्या मागं मालुबाई. पलीकडं कुणाचा म्हातारा बाप, कुणाचा चुलता टोपल्या घेऊन बांधावर चढू लागला.

"आता ह्या कोण?" शिपाई कावला.

"तुमच्याच गावच्या लेकी," मनुबाई म्हणाली. "सगळ्या हिकडंच दिल्यात न्हवं तुमी!"