नमुन्याचा माणूस

घड्याळजीने मोठ्या हौसेने स्वतःचा ब्लॉग उभारला, तोही घरातल्याच जुन्या संगणकावर. फुकट मिळालेल्या साच्यात 'माझ्याविषयी' या पानावर नमुन्यादाखल एक माणूस हसत होता. त्याला काढून घड्याळजीने आपला फोटो चढवला, पण पान उघडावं तर तोच हसरा ठोंब्या पुन्हा हजर!

"अहो, ब्राउझरमध्ये जुनं चित्र अडकून बसतं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "साफ करा, म्हणजे जाईल."

त्याने साफ केलं. माणूस तोच होता, पण आता त्याच्या अंगात घड्याळजीचा स्वेटर होता.

त्याने पुन्हा साफ केलं. आता तो घड्याळजीच्याच खुर्चीत बसला होता, डोळ्याला घड्याळजीचंच भिंग लावून.

घड्याळजी खुर्चीतूनच ओरडला, "अगं, जरा इकडे ये!"

ती आली आणि पडद्याकडे बघून खुलली. "अय्या, यांचा फोटो किती छान आलाय!"

मग तिची नजर खुर्चीकडे वळली. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"अहो," तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "हा जुना अजून इथेच अडकून बसलाय."

आतून कुणीतरी हसलं. "मग साफ कर की पुन्हा."

तिने ओले हात पुसले आणि माउस आपल्याकडे ओढला.