पेंढा भरलेला वाघ

समुद्रकाठच्या महालात पेंढा भरलेला वाघ होता. "नरभक्षक! महाराजांनी चांद्याच्या जंगलात मारला," गाइड म्हणाला. "घ्या फोटो."

चांद्याकडच्याच आमच्या कुरखेड्याच्या बचत गटाच्या बाया दात काढत वाघाला खेटून उभ्या राहिल्या. सोमारी तेवढी बाहेर गेली आणि नारळवाल्याचा कोयता घेऊन आली. पहिल्या घावात जबडा तुटला, दुसऱ्यात पोट फाटलं.

"बाई, तो शंभर वर्षांपूर्वी मेलाय!" गाइड किंचाळला.

गेल्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना तिच्या नवऱ्याला वाघानं ओढत नेलं. हाडसुद्धा सापडलं नाही, आणि हाड पुरल्याशिवाय आमच्यात दगड गाडत नाहीत, म्हणून त्याच्या नावाचा दगड अजून गाडायचा राहिलाय.

सोमारीनं कोपरापर्यंत हात पेंढ्यात खुपसला.


"एक हाड दे रे," ती म्हणाली. "बाकीचा ठेव तुले."