गांडुळांनी वाफा सोडला

गांडुळखताच्या वाफ्यावरचं पोतं उचललं आणि शालन मागे सरकली. भुईमुगाच्या खतासाठी जपलेली गांडुळं वाफ्याबाहेर पडून भिंतीवर चढत होती.

"काय टाकलंत यात?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"बांधावरचं हिरवं गवत."

"अहो, त्यावर परवाच शेजारच्यांनी तणनाशक मारलंय!"

"मग मरू देत. भुईमुगाला युरिया आणू. गांडुळं काय तुझ्या माहेरची माणसं आहेत?" तो हसला.

शालननं हातातलं पोतं खाली टाकलं. "सगळं गवत इथंच टाकलंत ना?"

"छे! चांगलं निम्मं तर काल गाईला घातलं."

ती घराकडे धावली. दूध पीत नाही म्हणून रोज बोलणी खाणारी तिची लेक पायरीवर बसली होती.

"आई, बघ," म्हणत तिनं पेला उपडा धरला. "आज सगळं संपवलं."